लांजेवार साहेबांचं भेव

शोरूममध्ये, काचेच्या आत, सपाट फरशीवर, चावी काढून ठेवलेली गाडी आपोआप सुटून कोणाच्या अंगावर जाईल असं ज्याला वाटायचं, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. प्रभाकर लांजेवार. आमच्या एजन्सीतले सगळ्यात जुने सेल्समन. सकाळी शटर वर गेलं की गणपतीच्या फोटोला हात जोडायच्या आधी ते मांडलेल्या चारही गाड्यांची दारं उघडून हँडब्रेक बघायचे. तो ओढलेलाच असायचा, कारण आदल्या संध्याकाळी त्यांनीच ओढलेला. तरी पुन्हा एकदा ओढायचे, गाडीच्या नाकाला तळहात लावून थोडं रेटून बघायचे आणि मग देवाकडे वळायचे. देवानं इतक्या वर्षांत कधी तक्रार केली नाही.

मी त्याच एजन्सीच्या मागच्या वर्कशॉपमध्ये डेंटिंगचा मिस्त्री होतो. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणं, एवढंच काम. पण ते माझ्यासारखं करणारा वर्धा रोडवर दुसरा नव्हता. हे मलाच सांगावं लागतं, कारण सांगणारे बाकीचे आता राहिले नाहीत. शाळा चौथीपर्यंत. पुढच्या शाळेची मला गरज वाटली नाही आणि शाळेलाही माझी वाटली नसावी. मी कोणाला भेत नाही असं मी सगळ्यांना सांगत असे, आणि म्हणून लांजेवार साहेबांना हसण्यात मी सगळ्यात पुढे.

त्यांना कशाचं भेव नव्हतं ते विचारा. लिफ्टचं, कुत्र्याचं, वेल्डिंगच्या ठिणग्यांचं, कंपनीच्या पत्राचं. फोन वाजला की आधी दचकायचे, मग उचलायचे. प्रताप नगरातल्या आपल्या घराला कुलूप लावून निघाले की कोपऱ्यावरून परत यायचे, कुलूप ओढायचे; पुन्हा निघाले की सिलिंडरची चावी आठवायची. त्यांच्या मंडळी एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "याईच्या संग लग्नाले निघाली ना भाऊजी, तर अक्षता कधी हाती पडल्याच नाही. पंगत उठून राहते तेव्हा आम्ही पोचतो." साहेब स्वतःही हसले, आणि हसता हसता मला हळूच विचारलं, "मिस्त्री, बाहेर स्कूटरचं स्टँड नीट लावलं होतं ना मी?"

असा माणूस गाड्या कसा विकत असेल? तर लय विकायचा. बाकीचे टाय लावलेले पोट्टे बोलून बोलून घसा कोरडा करायचे, आणि गिऱ्हाईक जाऊन बसायचं लांजेवारांच्या टेबलाशी. ते गाडीचं कौतुक करायचेच नाहीत. प्रश्न विचारायचे. घरात कोणाला गाडीत मळमळ होते का? फाटक किती रुंद आहे? बोळीत वळते का? आणि प्रत्येक प्रश्नामागे एकच वाक्य जोडायचे, "मले भेव वाटते, म्हणून विचारतो." एकदा तर मानेवाड्याच्या एका गिऱ्हाइकाच्या घरी टेप घेऊन गेले, फाटक मोजलं आणि म्हणाले, "ही गाडी घेऊ नका, आरसा घासंन." त्या माणसानं फाटक पाडून मोठं केलं आणि गाडी यांच्याकडूनच घेतली. जो स्वतः इतका भेतो तो आपल्याला कशाला फसवेल, असा लोकांचा हिशोब होता.

शेवटचा घाव मात्र माझा असायचा. गिऱ्हाईक अडलं की साहेब मागच्या दारातून हाक मारायचे, "मिस्त्री, जरा या गा." मी तेलकट हात पुसत यायचो.  गाडीच्या दरवाज्यावर बोटांच्या पेरांनी तीनदा ठोकायचो. ठण्, ठण्, ठण्. जाड, भरलेला आवाज. मग एवढंच म्हणायचो, "पत्रा ऐका." विदर्भातला माणूस गाडी डोळ्यानं घेत नाही, कानानं घेतो. बापही ठोकायचा, पोरगाही ठोकायचा, मागे उभी असलेली सासूही बांगड्या सावरून एकदा ठोकायची. आणि बयाना व्हायचा.

ती गाडी खरंच चांगली होती, हे मी अजूनही भांडून सांगेन. इंजिन म्हणजे बैल. पण कंपनीनं एकदा ती गाडी काढली आणि मग जणू हात टेकले. दर दोन-तीन वर्षांनी समोरची जाळी बदलायची, दिवे तिरपे करायचे, मागे नव्या नावाची पट्टी चिकटवायची, सीटचं कापड बदलायचं, आणि बॅनर लागायचा: नवी गाडी. वर्कशॉपमध्ये आम्ही तिला 'मावशी' म्हणायचो. दर दिवाळीला नवं लुगडं, बाई तीच. बरं, कंपनीच्या बाकीच्या दोन गाड्या म्हणजे तिच्याच बहिणी, एक बुटकी आणि एक लांब. मग टॅक्सीवाल्यांनी मावशी उचलली, कारण सुटे भाग स्वस्त आणि कोणताही मिस्त्री खोलू शकतो. मला त्याचा अभिमान वाटला. लांजेवार साहेब मात्र रस्त्याकडे बघत म्हणाले, "मिस्त्री, आता घरचा मानूस घेणार नाही. सिग्नलवर उभं राह्यलं का लोकं मांगचं दार उघडून बसून राहिले, म्हनते विमानतळ चला."

तसंच झालं. आणि त्याच वर्षी रस्त्याच्या पलीकडे, अगदी आमच्या समोर, दुसऱ्या कंपनीचं शोरूम उघडलं. आमच्यापेक्षा दुप्पट उंच काच. तिथे दर वर्षाला एक गाडी यायची आणि ती खरोखर वेगळी असायची, बसायची उंची वेगळी, दाराचा आकार वेगळा. आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक आता मोबाइलमध्ये बघून बोलायचं. एअरबॅग किती? स्टार किती? लांजेवार साहेबांना घाम फुटायचा.

आमच्या शेठजींनी एक दिवस त्यांना बोलावलं आणि सांगितलं, "लांजेवार, समोर गिऱ्हाईक बनून जा. काय दाखवून राहिले ते पाहून या." साहेब एकटे जायला तयार नाहीत. मला मोठा भाऊ बनवून सोबत नेलं. मी धुतलेलं धोतर नेसलो होतो, टोपी घातली होती, मनात सगळं पाठ केलं होतं की आपण पारशिवनीचे, भातशेती आहे, वगैरे. दारातच एका पोरीनं नमस्कार करून नाव विचारलं. साहेबांनी खरं नाव सांगितलं. नंबर विचारला, खरा नंबर सांगितला. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, आणि पेला ठेवता ठेवता म्हणाले, "ताई, मले भेव वाटते, म्हणून सांगतो. आम्ही समोरचेच आहो. आमाले पाहाले पाठवलं."

मी टोपी काढून मांडीवर ठेवली. आता काय राहिलं होतं?

ती पोरगी इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तिनं चहा मागवला आणि सगळी गाडी उघडून दाखवली. मी माझ्या सवयीनं दरवाज्यावर ठोकलं. टिक् टिक्. बिस्किटाच्या डब्यासारखा आवाज. मी मोठ्यानं म्हणालो, "पोरी, हे तर पापड आहे." ती म्हणाली, "काका, वरचा पत्रा चेपाले ठेवला आहे. धक्का थोच खाते. आतला खांब पाहा, थो चेपत नाही." आणि तिनं टीव्हीवर दाखवलं, गाडी भिंतीवर आदळते, नाक पूर्ण चुरगळतं, पण आत बसलेल्या पुतळ्याच्या गुडघ्यापर्यंत काही येत नाही. मी म्हणालो, सिनेमा आहे. साहेबांनी तोच व्हिडिओ चारदा बघितला. तासभर त्या पोरीला प्रश्न विचारत बसले. परत येताना रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर थांबून मला म्हणाले, "मिस्त्री, आपल्या गाडीचा आतला खांब कंपनीनं कधी बदलला?"

"बदलाले काय झालं त्याले?" मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून थोच आहे."

त्यांनी माझी बाही धरली आणि उरलेला रस्ता ओलांडला. पण त्या दिवसापासून त्यांनी मला पत्रा वाजवायला बोलावणं कमी केलं. मला राग आला. मी आठ दिवस बोललो नाही.

मग गुरुजींची गाडी आली.

नरखेड तालुक्यातले निवृत्त शिक्षक होते ते, मोसंबीचा बगीचा होता. पांढरी मावशी त्यांना लांजेवार साहेबांनी विकली होती आणि तिचा पत्रा मी वाजवला होता. गुरुजींनी स्वतःही वाजवला होता, आणि आपल्या मंडळींना म्हणाले होते, "रणगाडा आहे." संध्याकाळी काटोलकडून गावी जाताना दिवा नसलेल्या उभ्या ट्रॉलीवर गाडी आदळली. वेग फार नव्हता म्हणे. क्रेननं गाडी आमच्या मागच्या अंगणात आणून टेकवली, तेव्हा डिक्कीत मोसंबीची पोती तशीच होती, एकही फळ फुटलेलं नव्हतं.

पुढची बाजू मी बघितली. बाहेरचा जाड पत्रा, ज्यावर मी ठोकत होतो, तो तर फारसा चेपलाच नव्हता. त्यानं सगळा धक्का उचलून आत दिला होता. दाराच्या पुढचा खांब मोडून मागे आला होता, आणि त्याच्यासोबत अख्खा डॅशबोर्ड ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसला होता. तीस-पस्तीस वर्षं मी चेपलेल्या गाड्या बघितल्या. पण तेव्हा पहिल्यांदा मला त्या गाडीत हात घालावासा वाटला नाही.

लांजेवार साहेब ठिणग्यांच्या भेवानं वर्कशॉपमध्ये कधी पाऊल टाकायचे नाहीत. त्या दिवशी आले. सीट आणि डॅशबोर्डच्या मधल्या फटीत त्यांनी आपला हात घालून बघितला. मनगटापर्यंतच गेला. हात तिथेच ठेवून म्हणाले, "मिस्त्री, खरं सांगा. समोरची असती तर?"

माझ्या जिभेवर माझी सगळी मिस्त्रीगिरी येऊन बसली. नशीब म्हणावं, ट्रॉलीवाल्याला शिव्या द्याव्या, असं वाटलं. पण खांब समोर दिसत होता. मी म्हणालो, "हा खांब टिकाले पायजे होता."

एवढंच बोललो. ते तिथल्याच एका जुन्या टायरवर बसले.

गुरुजी वाचले. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आम्ही दोघं दवाखान्यात भेटायला गेलो. साहेब दारात उभे, आत जाईनात. मी ढकललं. गुरुजींनी आम्हाला बघून दोन्ही हात जोडले. म्हणाले, "लांजेवार, तुमचे उपकार हायेत. तुमच्या गाडीनं जीव वाचवला. दुसरी पापडाची असती तर मी मेलोच होतो." त्यांच्या मंडळींनी आम्हाला जबरदस्तीनं मोसंबी सोलून दिली, त्याच पोत्यातली. साहेबांनी फोड तोंडात ठेवली आणि गिळली नाही. बाहेर येऊन रुमालात काढली. जिन्यावर मला म्हणाले, "शिव्या देल्या असत्या तर बरं झालं असतं गा."

त्यानंतर त्यांच्या प्रश्नांत एक प्रश्न वाढला. गिऱ्हाईक आलं की पहिलाच प्रश्न, "गाडी हायवेनं जाणार का?" नाही म्हणालं, गावातल्या गावात चालवायची म्हणालं, तर दाखवायचे. हो म्हणालं, लेकराबाळांना घेऊन अमरावतीला-छिंदवाड्याला जातो म्हणालं, की साहेब आधी शेठजींच्या केबिनकडे बघायचे, मग दाराकडे, मग कपाळ पुसायचे, आणि टेबलाखालून, कोणाला दिसणार नाही असं, बोट रस्त्याच्या पलीकडे करायचे. "तिकडचीही पाहून घ्या. मले भेव वाटते, म्हणून सांगतो." लोकांना आधी कळायचं नाही. कळलं की उठून जायचे. स्वतःच्या दुकानातून गिऱ्हाईक समोर पाठवणारा सेल्समन तुम्ही कुठे बघितला आहे?

मागच्या मोकळ्या प्लॉटवर न विकलेल्या गाड्या वाढत चालल्या. कंपनी पाठवायची, शेठजींना घ्याव्याच लागायच्या. मे महिन्याच्या उन्हात रबराच्या पट्ट्या वितळायच्या, उंदीर वायरी कुरतडायचे. मला पहिल्यांदा खरं भेव वाटलं ते त्या रांगा बघून. आम्ही मागे-पुढे मिळून चाळीस माणसं होतो. एक दिवस मी साहेबांना पाण्याच्या टाकीजवळ गाठलं.

"तुमी काय करून राहिले, समजते का तुमाले? एजन्सी गेली तर चाळीस चुली विझतीन. तुमच्या एकट्याच्या भेवापायी."

"हाव," ते म्हणाले. "मले त्याचंही भेव वाटते."

"मंग?"

"मंग काय, मिस्त्री? दोन भेवं आहेत. एक मले सांगते गाडी विक, एक सांगते नको विकू. मी दोघांच्याही हाता-पाया पडतो. कोनी आयकत नाही."

शेठजींच्या कानावर गेलंच. त्यांनी साहेबांना काढलं नाही, कारण जुना माणूस. फक्त म्हणाले, "दिवाळीच्या आधी कंपनी पूर्ण नवी गाडी आणून राहिली. मंग तर विकान?" आणि खरंच कंपनीचं पत्र आलं. 'संपूर्ण नवी' असं त्यात दोनदा लिहिलं होतं.

त्या महिन्यात लांजेवार साहेब मला वेगळेच दिसले. इस्त्रीचा शर्ट. दुपारी डबा खाताना गप्पा. "मिस्त्री, खरंच नवी असंन तर सगळं सुटलं. मी दिवसाले दोन विकीन. थ्या प्लॉटवर पोट्टे क्रिकेट खेळतीन." मग लगेच चेहरा उतरायचा. "पण खरंच नवी आहे का नाही, हे कसं कळंन?"

मी फुशारकीत बोलून गेलो. "त्यात काय? भंगारात मावशीचा पहिल्या सालचा दरवाजा पडला आहे. थो लावून पाहाचा. बसला तर मावशी. नाही बसला तर पाहुनी."

बोललो तर असं, पण माझ्या मनात होतं की नाही बसणार. इतकी वर्षं कोण तोच साचा वापरतो?

गाडी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आली. चंदेरी रंग, लांब दिवे, आत टीव्हीएवढी स्क्रीन. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती धुण्याच्या जागेवर उभी होती, आजूबाजूला कोणी नव्हतं. साहेब माझ्याकडे बघत उभे राहिले.  मी भंगारातून तो दरवाजा काढला. विटलेला तपकिरी, खाली गंजलेला. नव्या गाडीचा डावा दरवाजा उतरवला, पोत्यावर टेकवला. साहेबांनी जुना दरवाजा खालून उचलून धरला, मी खांबावरच्या बिजागऱ्यांशी नेला. भोकं भोकांवर आली. एकेक बोल्ट हातानं फिरवला, पाना नंतर लावला. मग दरवाजा लोटला.

कट्.

एका आवाजात लागला. वर-खाली फट सारखी. सोळा-सतरा वर्षांपूर्वीचा दरवाजा आपण इतका नेमका बसवला म्हणून मला तेवढ्यातही बरं वाटलं, हे सांगायला आता लाज वाटते. साहेब त्या तपकिरी दाराकडे बघत होते. हळूच म्हणाले, "खांब थोच आहे, मिस्त्री."

आणि मागून बुटांचे आवाज आले. शेठजी आणि त्यांच्यासोबत कंपनीचा साहेब, जो दुसऱ्या दिवशी येणार होता, तो आदल्या दिवशीच येऊन उभा.

"हे काय आहे?" कंपनीच्या साहेबानं विचारलं. उद्या ज्या गाडीवरून साटिनचं कापड उचलायचं, तिला मधोमध गंजका दरवाजा.

लांजेवार साहेब त्या दारासमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "साहेब, मी लावला. मले भेव वाटत होतं, म्हणून गाडीलेच विचारलं."

"काय विचारलंत?"

"नवी आहे का म्हणून."

कंपनीचा साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं दार उघडलं, लावलं, उसासा टाकला. "अहो, नवा सांगाडा करायचा म्हणजे कारखान्यातले सगळे साचे बदलायचे. वरचे लोक म्हणतात, विकतेय ना, मग बदलायचं कशाला. आणि विक्री पडली की म्हणतात, विकत नाही, तर तिच्यावर खर्च कशाला करायचा. खरीखुरी नवी येईल दोन-तीन वर्षांत. ग्राहकाला आतला खांब दिसत नाही, त्याला स्क्रीन दिसते. ती आपण दिलीय."

"समोरचे दोन्ही देते, साहेब," लांजेवार म्हणाले. आवाज इतका बारीक की वाकून ऐकावं लागलं. आणि मग त्यांनी गुरुजींची सगळी गोष्ट सांगितली, थांबत, घाम पुसत, मनगटापर्यंत हात कसा गेला ते स्वतःचं मनगट धरून दाखवत. शेवटी म्हणाले, "दोन-तीन वर्षं मी काय सांगू लोकांले? तुमी एक वाक्य द्या. मी पाठ करतो."

कंपनीचा साहेब चिडला.  "हा दरवाजा काढला-लावला कोणी? तुम्हाला पाना धरता येतो का?"

शेठजींनी माझ्याकडे बघितलं. मी गाडीच्या पलीकडे उभा होतो. पाना माझ्या हातात होता. आणि मी, जो कोणाला भेत नाही, मी तो पाना हळूच खिशात सोडला आणि जमिनीकडे बघितलं. माझी नोकरी, पोराचं अजून न जमलेलं लग्न, पारशिवनीचं अर्धं बांधलेलं घर, सगळं त्या एका क्षणात डोक्यात वाजलं.

"मीच," लांजेवार साहेब म्हणाले. "मीच काढला, मीच लावला."

ज्याला घरचा नळ बंद करताना भेव वाटायचं त्याच्या या बोलण्यावर कोणी हसलं नाही. शेठजी सगळं समजले. त्यांनाही एक गुन्हेगार पुरत होता.

दुसऱ्या दिवशी नारळ फुटला, कापड उठलं, टाळ्या वाजल्या. डावा दरवाजा मीच पुन्हा बसवला होता, कोणाला कळलंही नाही. लांजेवार साहेब आले नाहीत. त्यांना येऊ नका असं सांगितलं होतं. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. मी शिव्या ऐकायची तयारी ठेवून उचलला. ते म्हणाले, "मिस्त्री, त्या दिवशी घाईघाईत दार उतरवताना तुमच्या बोटाले लागलं तर नाही ना?" मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "मंग ठीक आहे," आणि फोन ठेवला. लागलं होतं. नख काळं पडलं होतं.

एजन्सी दीडेक वर्ष ओढली, मग बंद झाली. चाळीसपैकी काही समोर लागले, बाकीचे पांगले. मी पारशिवनीला आलो. मावशी मात्र संपली नाही. ती गाडी मरतच नाही, इंजिनच तसं आहे. शोरूममधून गेली आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात आली. दुसऱ्या हाताला, तिसऱ्या हाताला विकली जाते. स्वस्त पडते, आणि पत्रा अजून तसाच वाजतो.

मागच्या उन्हाळ्यात मी डोळे दाखवायला नागपूरला गेलो होतो. ऑटो सिग्नलला थांबला. डाव्या हाताला जुन्या गाड्यांचा बाजार, तंबूखाली रांगा. एक पांढरी मावशी फाटकातून बाहेर येत होती. एक तरुण जोडपं, मागच्या सीटवर दोन लेकरं उभी, चक्कर मारून बघायला निघालेले. आणि गाडीच्या खिडकीला हात लावून, तिच्यासोबत चालत एक म्हातारा. पांढरा शर्ट, वाळलेला, चष्मा नाकावर घसरलेला. मला ओळखायला वेळ लागला, कारण ते खिडकीत वाकून, भराभर बोलत होते आणि मी त्यांना इतक्या घाईत कधी बघितलं नव्हतं. बाजारवाला मागून ओरडत होता, "ओ काका! रोज येऊन गिऱ्हाईक काय तोडता? छोड दो उनको!"

गाडी रस्त्याला लागली. चालवणाऱ्या पोरानं हसून मान हलवली आणि काच वर घेतली. लांजेवार साहेबांनी हात काढला नाही. गाडीनं वेग घेतला तसे ते धावू लागले, त्या वयात, चपलेवर, काचेवर थापा मारत. मग हात सुटला. गाडी पुढे गेली. ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. हा माणूस, जो रस्ता ओलांडताना माझी बाही धरायचा. दोन्ही बाजूंनी गाड्या, हॉर्न, एक ट्रक अगदी जवळून गेला. ते हलले नाहीत. त्या पांढऱ्या गाडीकडे बघत राहिले.

उतरावं म्हणून माझा हात ऑटोच्या दांडीवर होता. सिग्नल हिरवा झाला.